अटलांटिकच्या मधोमध होर्टा

रविवार, समुद्रात

आमच्या क्रूझने बार्बाडोस सोडल्यापासून बाहेर बघावं तर पाणी आणि पाणीच. मधे एक मालवाहू जहाज दिसलं तेवढंच, तेही इतकं लांबून गेलं की दुर्बीण शोधून बाल्कनीत येईपर्यंत क्षितिजावर नुसता ठिपका राहिला होता. सुरुवातीला पाण्यावर पिवळट तपकिरी शेवाळाचे लांबच लांब पट्टे दिसायचे, सारगॅसम म्हणतात त्याला, वाऱ्याच्या दिशेने अगदी सरळ रांगा धरून तरंगत असतं. मी सकाळचा चहा घेऊन तेच बघत बसायचे. काल-परवापासून तेही संपलं आणि पाण्याचा रंग जरा गडद झालाय.

पूर्वेला जाताना एक गोष्ट जाणवते ती म्हणजे झोप. बार्बाडोस आणि आम्ही जातोय त्या अझोर्स बेटांच्या घड्याळात सध्या चार तासांचा फरक आहे, मग जहाजावर मधूनमधून रात्री एक एक तास घड्याळ पुढे करतात. ऐकायला काही वाटत नाही पण सकाळी नाश्त्याला निम्मे लोक डोळे चोळत येतात. पश्चिमेला जाताना हाच तास बक्षीस मिळतो तेव्हा सगळे खूश असतात. आमचे हे मात्र पहाटे पाचलाच उठतात, घड्याळ कुठेही असो.

ह्यांच्याबद्दल सांगायला पाहिजे, कारण अझोर्समधल्या होर्टा ह्या बंदराचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते ह्यांच्याकडून. आयुष्यभर टेलिफोन खात्यात, त्यातही केबलच्या कामात गेलेला माणूस. क्रूझचे सगळे रूट समोर ठेवून आम्ही बसलो होतो तेव्हा मी लिस्बन बघत होते, बार्सिलोना बघत होते, आणि ह्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, ही बोट होर्टाला थांबते." त्या एका थांब्यासाठी हा रूट ठरला असं म्हटलं तरी चालेल. जेवणाच्या टेबलावर बाकीच्यांना विचारलं तर बहुतेकांचं म्हणणं, छोटं बेट आहे, उतरून पाय मोकळे करायचे आणि परत यायचं. मला ते ऐकून जरा वाईट वाटलं, ह्यांच्यासाठी.

सोमवार, समुद्रात

आज वारा पडला. अझोर्सच्या आसपास हवेचा जास्त दाब असतो, हवामानवाले त्याला अझोर्स हाय असंच म्हणतात, आणि त्याच्यावर युरोपचा उन्हाळा कसा जाणार ते बरंचसं ठरतं. आपल्याला काय, समुद्र सपाट झाला, डेकवर चालताना कठडा धरावा लागला नाही.

नाश्त्याला ह्यांनी मला केबलचं गणित समजावून सांगितलं. हे मी इथे लिहितेय कारण त्याशिवाय उद्याचा दिवस कळणार नाही. समुद्राखालून तारेने संदेश पाठवायचे तर तार जितकी लांब तितका सिग्नल पसरट होत जातो, एका टोकाला पटकन दाबलेली खूण दुसऱ्या टोकाला हळूहळू फुगत येते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झाले ते, त्यांनी 1850 च्या दशकातच मांडलं होतं की हा उशीर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट केली तर वेग निम्मा नाही होत, पाव होतो. "म्हणजे मधे कुठेतरी थांबायला जागा मिळाली तर काय होईल सांग," हे म्हणाले. मी म्हटलं, अर्धी अर्धी केबल, म्हणजे चौपट वेग. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर अशी मधली जागा म्हणजे होर्टा. युरोप आणि अमेरिकेच्या मधे, लिस्बनच्या पश्चिमेला साधारण दीड हजार किलोमीटरवर पोर्तुगालची ही नऊ बेटं, आणि त्यातल्या फायाल बेटावरचं हे बंदर. 1893 मध्ये पहिली केबल इथून लिस्बनजवळच्या कार्काव्हेलोशला जोडली, 1900 पासून न्यूयॉर्ककडच्या केबली यायला लागल्या, आणि मग ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन सगळ्यांनी इथे ऑफिसं थाटली. एका बाजूने आलेला संदेश घ्यायचा आणि ताज्या सिग्नलने दुसऱ्या बाजूला सोडायचा, रात्रंदिवस.

संध्याकाळी कॅप्टनने स्पीकरवर सांगितलं की उद्या धक्क्याला न लागता नांगर टाकून टेंडर बोटींनी, म्हणजे किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या छोट्या बोटींनी उतरवणार, आणि लाटा वाढल्या तर उतरणं रद्द पण होऊ शकतं. लांबच्या क्रूझवर हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, तरी ते ऐकल्यावर ह्यांनी रात्री दोनदा उठून बाल्कनीचं दार उघडून समुद्र बघितला. मी जागीच होते पण काही बोलले नाही.

मंगळवार, होर्टा

साडेसहाला उठवलं मला. "अहो, काय झालं" म्हणत बाल्कनीत आले आणि समोर पिको. आमच्या आणि उगवतीच्या मधे एक काळा शंकू, अगदी सरळ, इतका नीट की खरा वाटेना, आणि त्याच्या कमरेला ढगांचा पट्टा. 2351 मीटर, अख्ख्या पोर्तुगालमधलं सगळ्यात उंच टोक आहे हे, आणि ते समुद्रातून थेट वर येतं, मधे काही नाही. पिको शेजारचं बेट, फायालपासून जेमतेम आठ किलोमीटरच्या खाडीपलीकडे. बोट त्या खाडीत शिरली तेव्हा एका बाजूला पिको आणि दुसऱ्या बाजूला होर्टाची पांढरी घरं, लाल कौलं, चर्चचे जोडमनोरे. इतके दिवस डोळ्यांना फक्त आडवी रेघ बघायची सवय झाली होती, एकदम एवढी उंची समोर आल्यावर मला खरंच भरून आलं.

समुद्र शांत. टेंडर सुरू. आम्ही पहिल्या काही बोटींमधेच उतरलो, शेवटची टेंडर परत साडेचारची.

आमचं ठरलं होतं ते असं, सकाळ माझी आणि दुपार ह्यांची. मला ज्वालामुखी बघायचा होता, ह्यांना केबल. जहाजाची टूर न घेता धक्क्यावर टॅक्सी घ्यायची, हा आमचा नेहमीचा नियम, कारण बसमधे चाळीस जणांबरोबर गेलं की जिथे थांबावंसं वाटतं तिथे थांबता येत नाही. (ज्यांची लांब जाण्याची जागा असेल आणि वेळेची भीती असेल त्यांनी जहाजाचीच घ्यावी, जहाज त्यांच्या बससाठी थांबतं, आपल्या टॅक्सीसाठी नाही थांबणार. पण फायाल हे 173 चौरस किलोमीटरचं बेट, इथे ती भीती नाही.)

ड्रायव्हर साठीच्या पुढचा असेल. इंग्रजी एकदम अमेरिकन. मी विचारलं तर म्हणाला मी वाढलो मॅसॅच्युसेट्समधे, न्यू बेडफर्डला, म्हातारपणी परत आलो. मला तेव्हा लक्षात आलं नाही की आजच्या दिवसाची खरी गोष्ट ह्या माणसाकडेच आहे.

आधी एस्पालामाकाच्या टेकडीवर गेलो, तिथून होर्टाची अर्धगोल खाडी, मरीना, समोर पिको आणि त्याच्या मागे साओ जॉर्जचं लांबट बेट, सगळं एका नजरेत येतं. जवळच लाल पवनचक्क्या आहेत, फ्लेमिश पद्धतीच्या. पंधराव्या शतकात इथे वस्ती करायला फ्लँडर्सकडचे, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे लोक आले होते, त्यांचा म्होरक्या योस व्हान ह्यूर्टर, आणि आतल्या एका खोऱ्याचं नाव अजून फ्लामेंगोश आहे. ह्याच ह्यूर्टरच्या मुलीशी लग्न करून मार्टिन बेहाइम इथे राहिला, तोच ज्याने 1492 मधे न्युरेंबर्गला पृथ्वीचा गोल बनवला, आज टिकून असलेला सगळ्यात जुना गोल. त्या गोलावर अमेरिका नाही, कारण कोलंबस अजून परतलाच नव्हता. अटलांटिकच्या मधोमध राहिलेल्या माणसाने बनवलेल्या गोलावर पलीकडचा किनाराच नाही, हे डोक्यात घेऊन मी तो समुद्र परत एकदा बघितला.

मग वर काल्देइराला. हा बेटाच्या मधला जुना मोठा ज्वालामुखी, माथा खचून झालेला खड्डा, दोन किलोमीटर रुंद आणि चारशे मीटर खोल. गाडी लावून एका छोट्या बोगद्यातून चालत जायचं आणि बोगदा संपला की थेट कडा. आम्ही पोचलो तेव्हा सगळं ढगात होतं, समोर नुसता पांढरा पडदा, थंडी वाजत होती. ड्रायव्हर म्हणाला दहा मिनिटं थांबा. थांबलो. आणि ढग वर उचलला गेला तसा खालचा हिरवा तळ दिसला, आतल्या उतारांवर सगळी दाट झाडी. दोन मिनिटं असेल, मग परत बंद. बसने आलेले लोक तोपर्यंत निघून गेले होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हायड्रेंजियाची कुंपणं, मैलोन्‌मैल, शेतांच्या बांधांना पण तीच. ह्या फुलांमुळे फायालला निळं बेट म्हणतात. पण आत्ता मे, फुलं उन्हाळ्यात जून-जुलैपासून, आम्हाला नुसती हिरवी पानं मिळाली. गायी मात्र जिथे बघाल तिथे.

पश्चिमेला कापेलो गाव आलं आणि हिरवं कमी होत गेलं. आणि मग एका वळणानंतर एकदम करडं. कापेलिन्योश. मी फोटो बघितले होते पण फोटोत तो आवाज नसतो, वारा आणि पायाखाली राखेची करकर.

झालं असं. सप्टेंबर 1957 मधे इथे लहान लहान भूकंप सुरू झाले, दोनशेच्या वर धक्के, आणि 27 सप्टेंबरला किनाऱ्यापासून साधारण किलोमीटरभर आत समुद्राचं पाणी उकळायला लागलं. नंतर वाफ, मग राखेचे काळे फवारे, कारण लाव्हा पाण्याला लागला की त्याचे तुकडे तुकडे होऊन उडतात. एक बेट तयार झालं, ते महिनाभरात परत समुद्रात गेलं, दुसरं झालं, ते हळूहळू राखेने फायाललाच येऊन जोडलं. मे 1958 मधे एका रात्रीत शेकडो धक्के बसले, घरं पडली, त्यानंतर उद्रेकाची तऱ्हा बदलली, पाणी आत पोचेनासं झालं आणि लाव्हाची कारंजी उडायला लागली. 24 ऑक्टोबर 1958 ला थांबलं. तेरा महिने. जवळपास 300 घरं गेली, शेतं राखेखाली गेली, पण उद्रेकात माणूस एकही दगावला नाही.

आणि मधे उभा आहे तो दीपस्तंभ. आधी तो बेटाच्या अगदी टोकावर होता, समोर फक्त समुद्र. आता त्याच्यापुढे नवी जमीन आहे, त्यामुळे तो आत आल्यासारखा दिसतो, आणि खालचा मजला राखेत गाडलेला. 2008 मधे इथे म्युझियम केलं ते पूर्ण जमिनीखाली, बाहेरून काही दिसत नाही, म्हणजे उद्रेकानंतर जे दिसत होतं तेच आजही दिसावं. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना माझा नमस्कार. एखाद्या जागी मोठी चकचकीत इमारत उभी करणं सोपं असतं. आत जाऊन फिल्म बघितली, मग दीपस्तंभाच्या जिन्याने वर गेलो, हे गुडघ्यामुळे सावकाश, मी त्यांच्या मागे. वरून दिसतं की नवी जमीन समुद्र परत खातोय. तेव्हा जवळजवळ अडीच चौरस किलोमीटर वाढली होती, आता त्यातली पाव भागाच्या आसपासच उरलीय.

खाली आलो तर ड्रायव्हर राखेच्या कडेला उभा होता. मी सहज विचारलं, तुमचं घर कुठे होतं? त्याने हाताने दाखवलं, उतारावर, जिथे आता ठेंगणी झुडपं उगवलीयत. वडलांची मका आणि गहू होता म्हणे. राख रोज झाडायचे छपरावरून, रोज परत साचायची, एक दिवस छप्परच बसलं. मग अमेरिकेत कायदा झाला, 1958 च्या सप्टेंबरात, अझोर्सच्या निर्वासितांसाठी, सिनेटर पास्टोर आणि सिनेटर केनेडी ह्यांनी मांडलेला, म्हणजे नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले तेच जॉन केनेडी. सुरुवातीला दीड हजार कुटुंबप्रमुखांना व्हिसा. मागोमाग नातेवाईक, शेजारी, बेटावरचे हजारो लोक गेले. हा तेव्हा आईच्या कडेवर होता. आई तिकडे कापडाच्या गिरणीत लागली, आणि तिने म्हणे शेवटपर्यंत खिडकीत एका बरणीत इथली राख ठेवली होती. परत का आलात, असं ह्यांनी विचारलं. तो म्हणाला, वडील गेले तेव्हा इथे पुरायचं म्हणून आलो आणि मग गेलोच नाही परत.

गाडीत बराच वेळ आम्ही तिघंही गप्प होतो. ज्वालामुखी बघायला म्हणून मी आले होते, पण माझ्या मनात राहिली ती बरणी ठेवणारी बाई. परक्या देशात, गिरणीतून थकून आल्यावर, जिच्यामुळे घर गेलं तीच राख जपून ठेवायची. मला तिचं हे वागणं अगदी समजतं, का ते सांगता येणार नाही.

बारा वाजून गेले होते. पोर्तु पिंच्या छोट्या खाडीपाशी उतरलो, वाळूचा किनारा, पाणी स्वच्छ आणि भयंकर गार. तिथेच जुनी व्हेलची फॅक्टरी आहे, आता म्युझियम. हे लोक स्पर्म व्हेल मारायचे, लहान वल्ह्याच्या बोटींतून, हाताने भाला टाकून, आणि डोंगरावरच्या टेहळणीच्या झोपडीतून माणूस दुर्बिणीने पाण्यावरचा फवारा शोधून खाली खूण करायचा. 1980 च्या दशकात हे सगळं थांबलं. आता त्याच झोपड्यांमधून टेहळे व्हेल शोधतात आणि पर्यटकांच्या बोटींना वायरलेसवर सांगतात. फॅक्टरीत आम्ही फार थांबलो नाही, ते मोठमोठे बॉयलर बघून मला कसंतरी झालं.

जेवण गावात. ताजं पांढरं चीज आणि त्यावर लाल मिरचीची खारवलेली चटणी, पिमेंता दा तेर्रा, इथे जेवणाच्या आधी तेच देतात, मला इतकं आवडलं की परत मागवलं. ह्यांनी लापाश घेतले, खडकाला चिकटणारे शिंपले, लसूण-लोण्यात भाजून गरम तव्यावरच आणतात. बरोबर पिकोची पांढरी वाईन एकेक पेला. पिकोवर द्राक्षं काळ्या लाव्हाच्या दगडांच्या छोट्या छोट्या चौकटीत लावतात, वारा आणि खारं पाणी लागू नये म्हणून, आणि 2004 पासून ते मळे जागतिक वारसा यादीत आहेत. समोर खिडकीतून तेच बेट दिसत होतं.

आता ह्यांची दुपार.

केबल कंपन्यांच्या इमारती गावातच आहेत, एकमेकींपासून चालत जाता येतील इतक्या जवळ. 1902 ची ट्रिनिटी हाउस, तिथे ब्रिटिश, जर्मन आणि अमेरिकन अशा तीन कंपन्या एकाच छपराखाली काम करायच्या. कुठे मोठा फलक नाही की तिकीट खिडकी नाही, बाहेरूनच बघायचं. हे समोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि खूप वेळ नुसते बघत राहिले. फुटपाथ पण इथले सुंदर, काळ्या बसाल्टवर पांढऱ्या दगडांची नक्षी. मग बोलायला लागले ते थांबेचनात. 5 ऑगस्ट 1914 च्या पहाटे, युद्ध पुकारून काही तास झाले नाहीत तोवर ब्रिटिश जहाजाने इंग्लिश चॅनलमधे जर्मनीच्या केबली वर काढून तोडल्या, त्यात इकडे येणारी पण होती. म्हणजे इथे एका खोलीत यंत्र चालू आणि शेजारच्या खोलीत एकदम शांत. 1916 मधे पोर्तुगाल पण युद्धात उतरलं आणि जर्मन मंडळींना जावं लागलं. इतकी वर्षं शेजारी राहिलेली, एकत्र टेनिस खेळलेली माणसं. हे म्हणाले, "लाइन गेली की आम्ही फॉल्ट शोधायला निघायचो. त्यांना फॉल्ट कुठे आहे ते माहीत होतं, आणि दुरुस्त करता येत नव्हता."

हे सगळं संपलं कसं तेही त्यांनी सांगितलं. 1956 मधे स्कॉटलंड ते न्यूफाउंडलंड अशी पहिली टेलिफोनची केबल टाकली, तिच्यात समुद्राच्या तळाशीच ठरावीक अंतरावर सिग्नल वाढवणारी उपकरणं बसवलेली. मग मधे माणूस बसवायची गरजच राहिली नाही. होर्टाचं शेवटचं केबल ऑफिस 1969 मधे बंद झालं. मी विचारलं, तुम्हाला वाईट वाटतं का. म्हणाले, "नाही गं, चांगलं काम झालं की ते पुढच्याला देऊन जायचं असतं." पण भिंतीला हात लावून आले, मी बघितलं.

मग मरीना. इथला धक्का, भिंती, जमीन, पायऱ्या, सगळं चित्रांनी भरलंय. शिडाच्या बोटीने अटलांटिक पार करणारे बहुतेक सगळे इथे थांबतात, आणि निघण्याआधी आपल्या बोटीचं नाव, साल, चित्र रंगवून जातात, नाही रंगवलं तर पुढचा प्रवास धड होत नाही अशी समजूत आहे. ऊन-पावसाने जुनी फिकट होतात, त्यावर नवीन येतात. आम्ही वाचत वाचत चाललो, ब्रेमेन, बर्गन, केप टाउन, कुठे लहान मुलांच्या हाताचे ठसे.

एक जोडपं गुडघे टेकून रंगवत होतं, आमच्याच वयाचं, फ्रान्समधल्या ब्रिटनीचं. कॅरिबियनहून आलेले, म्हणजे आम्ही आलो तोच समुद्र, आम्हाला लागले त्याच्या कितीतरी पट दिवस घेऊन. त्या बाई म्हणाल्या की बोटीवर दोघंच असल्यामुळे एकाने झोपायचं आणि एकाने जागायचं, तीन तीन तासांची पाळी, म्हणजे इतके दिवस एकाच बोटीत असून एकत्र झोप नाही, जेवताना भेट व्हायची तेवढीच. "होर्टाला नांगर टाकला त्या रात्री आम्ही दोघं एकाच वेळी झोपलो," असं त्या सांगत होत्या आणि त्यांचा नवरा रंगाचा ब्रश धरून मान हलवत होता. मला वाटतं अख्ख्या क्रूझमधे मी एवढी सुखी माणसं बघितली नाहीत. त्यांनी मला डबा धरायला दिला, मी धरला, त्यांचं निळं अक्षर पूर्ण होईपर्यंत.

शेवटी पीटर कॅफे स्पोर्ट. 1918 पासूनचं, निळ्या रंगाचं, आत छताला जगभरच्या बोटींचे झेंडे टांगलेले. वर्षानुवर्षं खलाशांची पत्रं इथल्या पत्त्यावर यायची आणि ते येईपर्यंत मालक सांभाळून ठेवायचे. प्रसिद्ध आहे ती जिन अँड टॉनिक, आम्ही कॉफी घेतली. वर स्पर्म व्हेलच्या दातांवर कोरलेल्या चित्रांचा संग्रह आहे, स्क्रिमशॉ म्हणतात, सुईसारख्या टोकाने रेघा कोरून त्यात काजळी भरायची. काम इतकं बारीक की जहाजाचा एकेक दोर मोजता येतो. सुंदर आहे हे मान्य, तरी प्रत्येक दात म्हणजे एक मारलेला जीव, हे माझ्या डोक्यातून जाईना आणि मी लवकर खाली आले. हे मात्र रेंगाळले, 1919 च्या मे महिन्यात अटलांटिक पार करणारं पहिलं विमान, अमेरिकन नौदलाचं एनसी-4, ह्याच खाडीत उतरलं होतं आणि वीस वर्षांनी पॅन अॅमची पाण्यावर उतरणारी विमानं पण इथेच थांबायची, त्याबद्दल ते तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी हातवारे करून बोलत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बोलणं वीस मिनिटं चाललं.

सव्वाचारच्या टेंडरने परत. सहाला नांगर उचलला, भोंगा वाजला तसं मरीनामधल्या शिडाच्या बोटींनी आपापले भोंगे वाजवून उत्तर दिलं. डेकवर गर्दी होती, पण बऱ्याच जणांनी मला विचारलं की तुम्ही दिवसभर होतात कुठे, आम्ही तर दोन तासांत परत आलो. मी त्यांना कापेलिन्योशचे फोटो दाखवले. एक बाई म्हणाल्या, हे इथलंच आहे का?

अंधार पडताना जहाजाभोवती कागार्रो पक्षी आले, मोठे, करडे, पंख न हलवता लाटांना चिकटून तरंगणारे. वसंतात ते ह्या बेटांवर अंडी घालायला येतात. खूप वेळ बरोबर होते.

बुधवार, समुद्रात

सकाळभर दोघंही झोपलो, अगदी हे पण. पाय दुखताहेत. मी बुटांतली राख वर्तमानपत्रावर काढली आणि फेकायला हात होईना, एका औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलीय.

दुपारी हे लिस्बनचा नकाशा घेऊन बसले. तिथे आम्हाला पूर्ण दिवस आहे आणि माझ्या डोक्यात बेलेंची जेरोनिमो मॉनेस्ट्री आणि तिथले गरम गरम पास्तेल, म्हणजे कस्टर्डचे गोड टार्ट, होते. ह्यांना मात्र काइश दो सोद्रे स्टेशनवरून कास्काइशची लोकल घेऊन कार्काव्हेलोशला उतरायचंय, कारण 1893 च्या केबलचं दुसरं टोक तिथे आहे, आणि जिथे केबलचं ऑफिस होतं त्या जुन्या वाड्यात आता शाळा भरते, लांबून तरी बघता येईल म्हणतात. मी म्हटलं, चला, पण सकाळी बेलें, आणि लोकल दुपारची. ते तयार झाले. आत्ता टाइमटेबल वहीत उतरवून घेताहेत.